पाच मात्रांचा करार : डेव्ह ब्रुबेक क्वार्टेट लाइव्ह ऐकताना नेमकं काय ऐकायचं?

संगीतावर संशोधन करायचं ठरवलेल्या विद्यार्थ्यांचे प्रस्ताव वाचताना एक वाक्य हमखास सापडतं : 'या कलाकारांचं आपसातलं ट्यूनिंग अप्रतिम आहे.' वाक्य खरंच असतं बहुतेक वेळा. पण गाईडचा पुढचा प्रश्न ठरलेला : कुठे ऐकू आलं ते? कितव्या मिनिटाला? आणि ट्यूनिंग नसतं तर त्या जागी काय वेगळं ऐकू आलं असतं?

या प्रश्नापाशी बरेचजण अडतात, कारण 'दाद देणं' आणि 'दाखवून देणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. आज एकाच मैफलीच्या आधारे या दोघांमधलं अंतर थोडं कमी करता येतं का ते पाहू. मैफल आहे २२ फेब्रुवारी १९६३ ची, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली. वाजवणारे : डेव्ह ब्रुबेक (पियानो), पॉल डेस्मंड (आल्टो सॅक्सोफोन), यूजीन राइट (डबल बास) आणि जो मोरेलो (ड्रम्स). शहरात तेव्हा वर्तमानपत्रांचा दीर्घ संप चालू होता, जाहिराती छापून येत नव्हत्या, त्यामुळे लोक येतील की नाही अशी ब्रुबेकला धास्ती होती. लोक आले. कोलंबिया कंपनीनं ती मैफल दोन तबकड्यांच्या संचात काढली आणि आज ती कुठल्याही म्युझिक ॲपवर पाच सेकंदांत मिळते. हा लेख वाचताना ती शेजारी सुरू ठेवलीत तर उत्तम. न ऐकता वाचलात तर निम्मा फुकट जाईल.

जॅझ अजिबात न ऐकलेल्यांसाठी दोन ओळी. क्वार्टेट म्हणजे चौघांचा संच. सुरुवातीला सगळे मिळून एक धून वाजवतात, मग एकेक जण त्या धूनच्या चौकटीवर उत्स्फूर्त वादन करतो (याला सोलो म्हणतात), आणि शेवटी परत धून. सोलो चालू असताना बाकीचे तिघे थांबत नाहीत, साथ करतात. आता बहुतेक श्रोते ऐकतात काय, तर ज्याचा सोलो चालू आहे त्याला. माझं म्हणणं असं की या क्वार्टेटचं खरं कसब ऐकायचं तर त्या क्षणी सोलो न वाजवणाऱ्यांकडे कान लावायला हवा. आणि हे म्हणणं तपासून पाहता येतं, म्हणून ते संशोधनाच्या कामाचं आहे.

सुरुवात सगळ्यांना माहीत असलेल्या तुकड्यापासून करू : 'टेक फाइव्ह'. ही धून ब्रुबेकची नाही, डेस्मंडची. मोरेलो मैफलीआधी स्टेजमागे पाच मात्रांत काहीबाही वाजवत बसायचा, त्यावर धून बांध असं ब्रुबेकनं डेस्मंडला सुचवलं. १९५९ च्या उन्हाळ्यात 'टाइम आउट' या अल्बमसाठी तिचं ध्वनिमुद्रण झालं. २५ जूनच्या पहिल्या प्रयत्नात गाडी रुळावर आलीच नाही, १ जुलैला ती आली. २०२० मध्ये 'टाइम आउटटेक्स' नावानं त्या काळातली नाकारलेली ध्वनिमुद्रणं प्रसिद्ध झाली. त्यात 'टेक फाइव्ह'चं जुनं रूप आहे आणि त्यातला ड्रम्सचा ठेका आपल्या ओळखीचा नाहीच. म्हणजे जो ठेका आज जगभर तोंडपाठ आहे, तो या चौघांनी शोधत शोधत पक्का केलेला आहे.

स्टुडिओतल्या त्या गाजलेल्या आवृत्तीत ब्रुबेक काय करतो ते ऐका. जवळजवळ पूर्ण वेळ तो एकच आकृती वाजवत राहतो : तीन मात्रा एका कॉर्डवर, दोन मात्रा दुसऱ्यावर. तीन-दोन, तीन-दोन. जॅझवाले याला व्हँप म्हणतात. मोरेलोचा ड्रम सोलो सुरू झाला तरी व्हँप चालूच. आपल्याकडे तबल्याचा सोलो असतो तेव्हा हार्मोनियम किंवा सारंगी लेहरा धरते ना, अगदी तेच काम. लेहरा धरणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत, पण त्याची लय हलली की सगळाच डाव फसतो. १९५९ मध्ये पाच मात्रा अमेरिकन जॅझ वादकांच्या अंगवळणी पडलेल्या नव्हत्या. चार मात्रांचं चालणं आणि तीनचा वॉल्ट्झ, एवढीच रोजची सवय. त्यामुळे व्हँप हा या तुकड्याचा कठडा आहे. त्याला धरून चालायचं.

आता कार्नेगी हॉलची आवृत्ती लावा. पहिली गोष्ट कुणाच्याही लक्षात येईल : लय खूप चढली आहे. किती, ते मी सांगत नाही, तुम्हीच मोजा. स्टॉपवॉच घ्या, वीस आवर्तनं मोजा (शंभर मात्रा), वेळ लिहा, भागाकार करा. स्टुडिओची आवृत्ती मिनिटाला साधारण १७० मात्रांच्या आसपास येते. कार्नेगीची मोजल्यावर तुमच्याकडे एक आकडा असेल. 'लाइव्हमध्ये जास्त एनर्जी होती' या वाक्यापेक्षा तो आकडा पुष्कळ बरा. दुसरी गोष्ट मोजायला अवघड, पण ऐकू येते. आता हे चौघं कठडा धरून चालत नाहीत. मोरेलोचे जोरकस आघात पहिल्या मात्रेवर यायचं बंधन पाळत नाहीत, डेस्मंडची वाक्यं आवर्तनाच्या रेघेवरून सरळ पुढे निघून जातात, आणि तरीही कुणी अडखळत नाही. चार वर्षांत पाच मात्रा मोजण्याची गरज संपलेली आहे.

इथे 'तरीही कुणी अडखळत नाही' म्हणजे नेमकं काय, हे लिहिता आलं पाहिजे. असं लिहून बघा : 'डेस्मंडचं वाक्य आवर्तनाच्या तिसऱ्या मात्रेवर सुरू होऊन पुढच्या आवर्तनाच्या चौथ्या मात्रेवर संपतं. त्या काळात राइट आपल्या पहिल्या आणि चौथ्या मात्रेवरच्या जागा सोडत नाही.' कंटाळवाणं वाक्य आहे. पण ते खोटं ठरू शकतं. कुणी उठून म्हणू शकतो की नाही, राइटनं तिथे जागा सोडली आहे, ऐका. वाद घालता येईल असं विधान हातात आलं की दाद देण्याकडून आपण एक पाऊल पुढे आलो.

लेहऱ्याची उपमा मी मुद्दाम वापरली, आणि आता तिची हद्दही सांगतो. लेहरा संपूर्ण तालाचं आवर्तन सुरांत दाखवतो. तीनतालाचा लेहरा ऐकून सम कुठे आणि खाली कुठे ते कळतं. ब्रुबेकचा व्हँप फक्त पाच मात्रांचा, त्याला खाली-भरी नाही. म्हणून मराठी श्रोते पटकन म्हणतात तसं 'टेक फाइव्ह म्हणजे झपताल' हे टिकत नाही. झपताल दहा मात्रांचा आहे, त्याची विभागणी दोन-तीन-दोन-तीन अशी, आणि त्याला स्वतःचा ठेका आहे. इथे तीन आधी आणि दोन नंतर. हाताला येणारी चालच वेगळी.

याच्या पुढचा मोह आणखी मोठा असतो. ब्रुबेक क्वार्टेट १९५८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर पोलंड, तुर्कस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, श्रीलंका, इराण, इराक असं फिरून गेलं. आपल्या मुंबईतही ते वाजले. तिथे ब्रुबेक सतारिये उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर बसला, मद्रासमध्ये मोरेलोची गाठ मृदंगवादक पळनी सुब्रमण्य पिळ्ळै यांच्याशी पडली. या भेटींचा आपल्या वादनावर परिणाम झाला असं ब्रुबेक स्वतः पुढे सांगत असे. दुसऱ्याच वर्षी 'टाइम आउट'. मग काय, प्रस्ताव तयार : 'टाइम आउट अल्बमवरील भारतीय तालपद्धतीचा प्रभाव'!

थांबा. त्या अल्बममधल्या 'ब्लू राँडो आ ला टर्क'चा नऊ मात्रांचा ठेका ब्रुबेकला इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून मिळाला, आणि 'टेक फाइव्ह' मोरेलोच्या स्टेजमागच्या खेळातून आली. दौऱ्याचा मोकळेपणा या सगळ्यात मुरलेला असेल, नाही असं कोण म्हणतो. पण 'सारखं दिसतं' आणि 'इथून आलं' यांच्यात जो पूल लागतो तो पुराव्याचा असतो. पत्रं, मुलाखती, आधीची ध्वनिमुद्रणं, तारखा. तो बांधता येत नसेल तर तुलना करा, प्रभाव म्हणू नका.

बरं, 'ब्लू राँडो' निघालाच आहे तर तिथे जाऊ, कारण चौघांचं एकमेकांवरचं अवलंबून असणं तिथे सगळ्यात उघड्यावर येतं.

बोटांवर मोजा : एक-दोन, एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन. नऊ. असं तीन वेळा. चौथ्या वेळी एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. तेही नऊच, पण तुकडे वेगळे. मिळून ३६ लहान मात्रांचं एक चक्र. ही झाली धून. सोलो मात्र या नऊमध्ये नाहीत. ते साध्या चार मात्रांच्या ब्लूजमध्ये आहेत. ब्लूज म्हणजे बारा बारांची चौकट, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, एकूण ४८. तिच्या कॉर्डची जागा ठरलेली असते : पाचव्या बारला जमीन एकदम बाजूला सरकल्यासारखी वाटते, सातव्याला घरी आल्यासारखं, नवव्याला पुन्हा बाहेर, आणि शेवटी परत घर. जॅझमध्ये 'आवर्तन' म्हणावं तर ते हे आहे, एका बारचं नव्हे. ब्लूजचं एक आवर्तन मनात मोजता यायला लागलं (दोन-तीन दिवस लागतात, जास्त नाही) की जॅझ ऐकण्याचा अनुभवच पालटतो. सोलो वाजवणारा आता कुठे आहे, किती उरलंय, तो वेळेत घरी पोचतोय का, हे सगळं समेची वाट पाहिल्यासारखं कळायला लागतं.

कसोटी आहे ती नऊ आणि चारच्या सांध्यात. डेस्मंडचा सोलो मोकळा सुटायच्या आधी दोन बार नऊचे, दोन बार चारचे, पुन्हा दोन नऊचे, दोन चारचे अशी अदलाबदल होते. सोलो संपल्यावर पियानोकडून धूनकडे परत येतानाही तसंच. कार्नेगी हॉलमध्ये हा तुकडा भन्नाट वेगात वाजवलाय. त्या वेगात दर काही सेकंदांनी चालच बदलायची म्हणजे धावत्या लोकलमधून शेजारच्या धावत्या लोकलमध्ये पाय टाकण्यासारखं, आणि तेही चौघांनी एकदम. आता हा भाग चार वेळा ऐका. पहिल्यांदा फक्त मोरेलोची झांज (राइड सिंबल), दुसऱ्यांदा फक्त राइटचा बास, तिसऱ्यांदा ब्रुबेकचा डावा हात, चौथ्यांदा सगळं. नवे चार सुरू होताना ते 'चार' आहेत ही खूण सर्वात आधी कोण देतं? माझ्या कानाला ती बासकडून येते. राइट चालायला लागला (प्रत्येक मात्रेला एक स्वर, याला वॉकिंग म्हणतात) की बाकीच्यांच्या पायाखाली फरशी येते. तुम्हाला कदाचित झांज आधी ऐकू येईल. तसं वाटलं तर लिहून ठेवा, कितव्या सेकंदाला ते लिहा. इथे मतभेद असणं चांगलं.

डेस्मंडबद्दल थोडं, कारण साथीकडे कान द्या म्हणता म्हणता त्याच्यावर अन्याय होईल. आल्टो सॅक्सोफोनवर त्या काळात चार्ली पार्करची छाप इतकी होती की त्यातून सुटणं मुश्किल. डेस्मंड सुटला. हलका, जवळजवळ कंपनरहित आवाज. गर्दी न करता वाजवायचं. त्याची एक सवय लक्षात ठेवा : एक छोटं वाक्य वरच्या सप्तकात म्हणायचं आणि त्याचं उत्तर स्वतःच खालच्या सप्तकात द्यायचं. एकट्याचा सवाल-जवाब. दुसरी सवय खोडकर आहे. मध्येच भलत्याच गाण्याची ओळ सहज विणून टाकायची. 'फॉर ऑल वुई नो' हे संथ गाणं कार्नेगीच्या संचात आहे, त्यात त्याचा वाक्यविचार शांतपणे ऐकता येतो.

आणि ब्रुबेक? त्याच्याविषयी समीक्षकांची जुनी तक्रार आहे की तो पियानो ठोकतो, जाड कॉर्ड रचत जातो, स्विंग करत नाही. माझ्या मते ही तक्रार अर्धी बरोबर आहे. त्याचे सोलो एकेरी सुरांनी सुरू होतात आणि हळूहळू दोन्ही हातांच्या भरभक्कम कॉर्डपर्यंत चढतात. कधी कधी ती चढण मला अगोदरच कळलेली असते आणि वर पोचायच्या आत कंटाळा येतो. पण तो चारच्या लयीवर तीनचे, पाचचे आघात लादायला लागतो तेव्हा मामला वेगळा होतो. दारियस मियो या फ्रेंच संगीतकाराकडे शिकलेला माणूस तो, एकाच वेळी दोन गोष्टी चालू ठेवणं हा त्याचा छंदच. 'सेंट लुईस ब्लूज'मध्ये हे भरपूर आहे. अशा वेळी स्वतःला विचारा : हा पियानोवाला इतका भटकतोय तरी मला मूळ लय ऐकू येतेच आहे, ती कोण सांभाळतंय? पुन्हा तेच दोघं. विशेषतः राइट.

राइटवर मी इतका वेळ का घालवतोय याला सांगीतिक कारणापलीकडचंही कारण आहे. या क्वार्टेटमध्ये तो एकटा कृष्णवर्णीय होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये, तो नुकताच संचात आला असताना, नॉर्थ कॅरोलायनातल्या ईस्ट कॅरोलायना कॉलेजमध्ये त्याला मंचावर येऊ द्यायचं नाही असा पवित्रा प्रशासनानं घेतला. त्याच्याशिवाय आम्ही वाजवणार नाही, असं ब्रुबेकनं सांगितलं. श्रोते खोळंबले, वरपर्यंत फोन गेले, आणि शेवटी राइटला मागे ठेवा या अटीवर परवानगी मिळाली. मैफल सुरू झाल्यावर ब्रुबेकनं त्याला पुढच्या मायक्रोफोनवर बोलावून सोलो वाजवायला लावला. काही आठवड्यांतच हेच चौघं अमेरिकेचे सांस्कृतिक दूत म्हणून पोलंडला निघाले होते! १९६० मध्ये दक्षिणेकडच्या कॉलेजांच्या आखलेल्या दौऱ्यातल्या बहुतेक संस्थांनी गोरा बासवादक आणा असा आग्रह धरला. ब्रुबेकनं नकार दिला आणि तो दौरा जवळपास सगळा बुडाला.

'मागे ठेवा' हे शब्द लक्षात ठेवून पुन्हा एकदा बास ऐका. कार्नेगीच्या संचात 'किंग फॉर अ डे' हा तुकडा राइटला पुढे आणणारा आहे. पण मला तो सोलोपेक्षा इतरांच्या खाली जास्त मोठा वाटतो.

याच धाग्यावर केल्सी क्लॉट्झ यांचं 'डेव्ह ब्रुबेक अँड द परफॉर्मन्स ऑफ व्हाइटनेस' हे २०२३ चं पुस्तक वाचण्यासारखं आहे. ब्रुबेकचं संगीत 'बुद्धिमान', 'प्रतिष्ठित' म्हणून खपलं, कॉलेजांत गाजलं, १९५४ मध्ये तो 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकला. यात त्याच्या गोरेपणाचा वाटा किती, असा त्यांचा प्रश्न आहे. ते मुखपृष्ठ ड्यूक एलिंग्टननं स्वतः त्याच्या हॉटेलच्या खोलीवर येऊन दाखवलं, आणि हा मान आधी एलिंग्टनला मिळायला हवा होता या भावनेनं ब्रुबेक कायम अवघडलेला राहिला. कौतुकाची भाषासुद्धा कुठून तरी आलेली असते, हे प्रस्ताव लिहिताना विसरू नका. 'बौद्धिक जॅझ' असं आपण लिहितो तेव्हा ती कुणाची शब्दयोजना आपण पुढे चालवतोय?

आता वाचनाकडे आणि पद्धतीकडे. साथीदारांना केंद्रस्थानी ठेवणारं जॅझवरचं महत्त्वाचं काम म्हणजे इंग्रिड मॉन्सन यांचं 'सेइंग समथिंग' (१९९६). बास, पियानो, ड्रम्स वाजवणाऱ्यांच्या मुलाखती आणि ध्वनिमुद्रणांचं बारीक विश्लेषण अशी दोन्ही अंगं त्यात आहेत. त्याच्या आधीचं पॉल बर्लिनर यांचं 'थिंकिंग इन जॅझ' (१९९४) जाडजूड आहे, पण उत्स्फूर्त म्हणजे 'अचानक सुचलेलं' हा गैरसमज त्यानं कायमचा जातो. दोन्हींतली एखादी दोन प्रकरणं वाचलीत तरी मुलाखतीचे प्रश्न कसे घडवायचे ते कळेल.

मोजमापाकडे कल असेल तर फ्रिबेर्ग आणि सुंडस्ट्रॉम यांचा २००२ चा शोधनिबंध पाहा. स्विंगमध्ये एका मात्रेचे दोन भाग असमान असतात, पहिला लांब, दुसरा आखूड. हे प्रमाण ठरलेलं दोनास एक असतं असं पाठ्यपुस्तकं सांगतात. त्यांनी नामवंत ड्रमवादकांच्या झांजा मोजल्या आणि दिसलं ते असं : विलंबित लयीत प्रमाण साडेतीनास एकपर्यंत जातं, द्रुत लयीत जवळजवळ समसमान होतं. मध्यम आणि द्रुत लयीत तो आखूड भाग साधारण १०० मिलिसेकंदांचाच राहतो. आणखी एक मजेदार गोष्ट : सोलो वाजवणारे मात्रेवर झांजेपेक्षा किंचित उशिरा पडतात, पण मधल्या आखूड भागावर झांजेशी जुळतात. गटिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या गटानं २०२२ मध्ये याचा उलट बाजूनं प्रयोग केला. पियानोचे सोलो संगणकावर मिलिसेकंदांनी सरकवून श्रोत्यांना विचारलं, यात जास्त स्विंग कशात? मात्रेवरचे स्वर थोडे मागे सरकवलेली आवृत्ती वरचढ ठरली.

म्हणजे 'ट्यूनिंग अप्रतिम आहे' या वाक्यातल्या 'ट्यूनिंग'चा एक तुकडा तरी असा आहे की तो एकत्र पडण्यात नसून ठरावीक ठिकाणी मागे राहण्यात आहे. ऐकणाऱ्याला ते वेगळं कळत नाही, नुसतं बरं वाटतं.

यातून आपल्या मैफलीसाठी एक सरळ प्रश्न तयार होतो. कार्नेगीचा 'टेक फाइव्ह' स्टुडिओपेक्षा द्रुत आहे, तर मोरेलोच्या झांजेतलं स्विंगचं प्रमाण समसमानकडे झुकलं आहे का? हे घरी बसून तपासता येतं. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठानं केलेलं सॉनिक व्हिज्युअलायझर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. दोन्ही आवृत्त्यांतले शांत असे पंधरा-वीस बार निवडा, झांजेचे आघात खुणा करून घ्या, अंतरं काढा. एम.ए.च्या छोट्या प्रकल्पाला एवढं पुरतं. डेस्मंडचं झांजेच्या मागे राहणं मोजायला मात्र जाऊ नका, निदान पहिल्यांदा तरी. झांजेचा आघात आलेखात खिळ्यासारखा उभा दिसतो. सॅक्सोफोनचा स्वर हळू उगवतो, त्यात डेस्मंडची फुंकर म्हणजे मऊ लोणी. स्वर 'सुरू' कुठे झाला यावरच २०-३० मिलिसेकंदांचा वाद होईल, आणि तुम्ही शोधताय तो फरकही साधारण तेवढाच असतो.

वायमार जॅझ डेटाबेस हे आणखी एक हाताशी असलेलं साधन. त्यात ४५६ सोलो स्वरलेखन करून ठेवले आहेत, डेस्मंडचेही आहेत. पण तो मुख्यतः सोलोंचा साठा आहे, पियानोची आणि ड्रम्सची साथ त्यात लिहिलेली नाही. म्हणजे 'कान सोलोवर' ही सवय आपल्या डेटामध्येही उतरली आहे. त्या डेटाबेसवरून तुम्ही डेस्मंडबद्दल पुष्कळ बोलू शकाल, क्वार्टेटबद्दल फार थोडं.

लाइव्ह अल्बमविषयी एक सावधगिरी राहिली. ध्वनिमुद्रण म्हणजे ती संध्याकाळ नव्हे. मायक्रोफोन कुठे होते, कुठलं वाद्य कुठल्या बाजूला मिसळलं, तबकडीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटंच मावत असल्यानं काय मागे-पुढे झालं असेल, या शंका मनात ठेवा. बास 'पुसट' ऐकू येतो यावरून राइट हळू वाजवत होता असा निष्कर्ष काढता येत नाही. एकदा हेडफोनवर आणि एकदा बऱ्या स्पीकरवर ऐका, बासचं काय होतं ते कळेल. मोबाइलच्या स्पीकरवर तर हा संपूर्ण लेख खोटा वाटेल, कारण तिथे राइट जवळपास नाहीच. दिसण्यासाठी चित्रफिती आहेत. 'जॅझ कॅज्युअल' या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमातला १९६१ चा भाग आणि बेल्जियममधलं १९६४ चं चित्रण. कोण कुणाकडे बघतं, कधी बघतं, हे केवळ ध्वनीवरून कळत नाही.

'कॅस्टिलियन ड्रम्स' मी शेवटी ठेवला, कारण तो माझ्या मुद्द्याच्या विरुद्ध जातो असं वाटू शकतं. इथे मोरेलो बराच काळ एकटा आहे. पाच मात्रा, लेहरा नाही, व्हँप नाही, कुणी कठडा धरलेला नाही. जन्मापासून अधू दृष्टीचा हा माणूस लहानपणी व्हायोलिन शिकला होता, आणि त्याच्या ड्रम्सच्या आवाजातल्या पायऱ्या ऐकताना ते आठवतं. इथे साथीदारांचं कसब ऐकायचं तरी कुठे? त्यांच्या परतण्यात. इतक्या लांब एकट्या प्रवासानंतर ब्रुबेक आणि राइट परत येतात ती जागा शोधा. ती दहा सेकंदं पुन्हा पुन्हा लावा आणि मोजा, ते कितव्या मात्रेवर येतात, आणि इतका वेळ न वाजवता ते कोणतं आवर्तन मनात धरून बसले होते. तुमचं उत्तर कमेंटमध्ये लिहा, सेकंदासकट.